कुत्र्यांचे हार्मोनचे आजार: घरातल्या वहीपासून औषधापर्यंत

"वय झालं आता त्याचं." कुत्रा दिवसभर पडून असतो, पोट सुटलंय, पाठीवरचे केस विरळ झालेत, जिन्यात मध्येच थांबतो. घरातलं कुणीतरी हे वाक्य म्हणतं आणि विषय तिथेच मिटतो. मला वाटतं, विषय तिथे सुरू व्हायला हवा. यातली प्रत्येक खूण हार्मोनच्या बिघाडाचीही असू शकते. म्हातारपणावर औषध नाही, पण या बिघाडांवर आहे, आणि बहुतेक वेळा ते चांगलं लागू पडतं.

अडचण अशी की हे आजार पावलं न वाजवता येतात. रोज बघणाऱ्याला फरक कळत नाही. सहा महिन्यांनी आलेला पाहुणा मात्र दारातच विचारतो, "अरे, याला काय झालं?" म्हणून सुरुवात रक्ततपासणीने करायची नाही. सुरुवात घरातल्या साध्या वहीने करायची.

पहिली पायरी: मोजा आणि लिहून ठेवा

सगळ्यांत मोलाचा आकडा पाण्याचा. सकाळी भांड्यात मोजून पाणी घाला, दिवसभरात भर घातली तर तीही मोजा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी उरलेलं पाणी वजा करा. असं सलग तीन दिवस करा. घरात चार माणसं असतात आणि चौघंही येता-जाता भांडं भरतात, त्यामुळे कुत्रा किती पितो हे कुणालाच ठाऊक नसतं. या तीन दिवसांत भांडं एकानेच भरायचं आणि बाथरूममधली बादली झाकून ठेवायची. निरोगी कुत्रा साधारणपणे वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ५० ते ६० मिलिलिटर पाणी पितो. कोरडं खाणं असेल तर थोडं जास्त, ओलं असेल तर बरंच कमी. दर किलोमागे १०० मिलिलिटरच्या वर गेलं तर ते नक्कीच जास्त आहे. म्हणजे १० किलोचा कुत्रा रोज लिटरभराहून जास्त पीत असेल, तर डॉक्टरांकडे जायला एवढं कारण पुरे.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. घरात लघवी करतो म्हणून त्याचं पाणी कमी करू नका. तो जास्त पितो म्हणून लघवी वाढलेली नसते. बहुतेक वेळा उलटं असतं: शरीर पाणी धरून ठेवू शकत नाही, म्हणून तो पितो. अशा कुत्र्याचं पाणी तोडलं तर तो काही तासांत गंभीर होऊ शकतो.

वजन दर पंधरा दिवसांनी लिहा. कुत्रा लहान असेल तर त्याला उचलून काट्यावर उभे राहा आणि आपलं वजन वजा करा. भूक, रात्री लघवीसाठी उठवतो का, आणि गारव्यात निवांत बसलेला असतानाही धापा टाकतो का, हेही लिहा. महिन्यातून एकदा त्याच जागी उभं करून वरून आणि बाजूने फोटो काढा. पोटाचा आकार आणि केसांची घनता शब्दांत सांगता येत नाही, फोटोत लगेच दिसते. मादी असेल तर माजावर आल्याची तारीख हवीच.

शेवटी औषधांची यादी करा. गेल्या सहा महिन्यांतल्या गोळ्या, इंजेक्शनं, कानात आणि डोळ्यांत घालायचे थेंब, त्वचेला लावायची मलमं, सगळं लिहा. स्टेरॉइड यांपैकी कशातूनही अंगात जातं आणि हुबेहूब हार्मोनच्या आजारासारखी लक्षणं उभी करतं. तुम्ही स्वतःच्या हाताला लावत असलेलं मलमही यादीत घ्या. कुत्रा ते चाटतो. माणसांच्या इस्ट्रोजेन जेलमुळे नसबंदी झालेल्या कुत्रीचीही स्तनाग्रं आणि योनी सुजू शकते.

दुसरी पायरी: खुणांवरून दिशा ठरवा

वही समोर ठेवून दोन प्रश्न विचारा. पाणी वाढलंय का? भूक आणि वजन एकाच दिशेने चाललेत का?

पाणी आणि भूक वाढलेली, पण वजन घटतंय, तर मधुमेहाचा संशय घ्यावा. पाणी आणि भूक वाढलेली, त्यात पोट घागरीसारखं लोंबतंय, धाप लागतेय, पाय बारीक होत चाललेत, तर कुशिंग, म्हणजे कॉर्टिसॉल हे हार्मोन जास्त बनण्याचा आजार. पाणी नेहमीइतकंच, खाणं तेवढंच, तरी वजन वाढतंय आणि कुत्रा मंद झालाय, तर थायरॉइड. कधी उलटी, कधी जुलाब, मध्ये चार दिवस अगदी ठणठणीत आणि पुन्हा ढेपाळला, असा लपंडाव चालला असेल तर ॲडिसन, म्हणजे तेच हार्मोन कमी पडण्याचा आजार.

हार्मोनमुळे केस गेले तर ते सहसा अंगाच्या दोन्ही बाजूंनी सारखे जातात आणि खाज नसते. खाज असेल तर आधी पिसवा, ॲलर्जी आणि बुरशी बघायची. पण हार्मोन बिघडलेल्या त्वचेवर जंतुसंसर्ग लवकर बसतो आणि मग खाजही येते, म्हणून केवळ खाजेवरून हार्मोनचा आजार नाही असं ठरवू नका. मूत्रपिंडाच्या विकारातही तहान वाढते. आणि नसबंदी न झालेल्या मादीची तहान माजानंतर दोनेक महिन्यांच्या आत वाढली, ती मलूल झाली, तर गर्भाशयात पू झाला असण्याची दाट शक्यता असते. तिला त्याच दिवशी दाखवा, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

थायरॉइड मंद होणं

कुत्र्यांमध्ये थायरॉइड बहुधा कमी पडतो. बऱ्याचदा शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच त्या ग्रंथीवर उलटते. आजार मध्यम वयात दिसतो. गोल्डन रिट्रीव्हर आणि डॉबरमनमध्ये जास्त आढळतो. कुत्रा ऊब शोधतो, खेळायचं सोडतो, शेपटीचे केस जाऊन ती उंदराच्या शेपटीसारखी दिसते, कान पुन्हा पुन्हा बिघडतात. काहींच्या चेहऱ्याची कातडी जाड होऊन तो कायम दुःखी दिसतो. रक्तात कोलेस्टेरॉल वाढलेलं असतं.

निदानात चूक होते ती इथे. रक्तातलं नुसतं टी-४ (थायरॉइडचं हार्मोन) कमी आलं की गोळी सुरू, असं करू नये. दुसरा कुठलाही आजार चालू असला तरी टी-४ खाली जातं. स्टेरॉइड, फिट्सवरचं फिनोबार्बिटल आणि सल्फा गटातली अँटिबायोटिक्स यांनीही ते उतरतं. ग्रेहाउंडसारख्या शिकारी जातींत तर ते जन्मतःच कमी असतं. म्हणून टी-४ सोबत टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं पिट्युटरी ग्रंथीचं हार्मोन) आणि गरज पडल्यास फ्री टी-४ (प्रथिनांना न चिकटलेलं, मोकळं टी-४) बघतात. टी-४ कमी, टीएसएच जास्त आणि लक्षणंही जुळणारी, असं तिन्ही मिळालं की निदान पक्कं.

उपचार सोपा आहे: लेव्होथायरॉक्सिनची, म्हणजे बाहेरून दिलेल्या थायरॉइड हार्मोनची गोळी, आयुष्यभर. कुत्र्याचं शरीर हे औषध झपाट्याने वापरून टाकतं, त्यामुळे त्याचा डोस माणसाच्या मानाने खूप मोठा वाटतो. तो पाहून घाबरून स्वतःच्या मनाने कमी करू नका. गोळी एक तर कायम रिकाम्या पोटी द्या, नाहीतर कायम खाण्यासोबत. आज असं, उद्या तसं केलं की रक्तातलं प्रमाण डळमळतं. महिना-दोन महिन्यांनी, गोळी दिल्यावर ४ ते ६ तासांनी रक्त तपासतात. हुशारी आणि चपळाई एक-दोन आठवड्यांत परत येते. केसांना काही महिने लागतात, आणि नेमक्या त्या काळात लोक धीर सोडतात.

कुशिंग: जिथे घाई सर्वांत महाग पडते

मूत्रपिंडांजवळच्या ॲड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल बनवतात. ते सतत जास्त बनत राहिलं की कुशिंग होतो. दर १०० कुत्र्यांपैकी ८० ते ८५ जणांत मूळ मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतल्या छोट्या गाठीत असतं, उरलेल्यांत ॲड्रिनलच्याच गाठीत. तिसरा प्रकार माणसाने आणलेला, म्हणजे दीर्घकाळ दिलेल्या स्टेरॉइडचा. औषधांची यादी मागितली ती यासाठी. हा तिसरा प्रकार असेल तर कुशिंगचं औषध द्यायचं नसतं, स्टेरॉइड हळूहळू उतरवायचं असतं. ते एकदम बंद करणं जिवावर बेतू शकतं, कारण बाहेरून मिळतंय म्हणून ग्रंथी आपलं काम विसरलेली असते.

कातडी कागदासारखी पातळ होते, पोटावर शिरा दिसू लागतात, काळे ठिपके येतात, जखम भरत नाही. भूक इतकी वाढते की कधीही न चोरणारा कुत्रा कचऱ्याचा डबा उपसतो. मालक यावर खूश असतो, "छान खातो हो!" म्हणून, आणि आजार आणखी काही महिने लपून राहतो.

रक्तात एएलपी हे यकृताच्या तपासणीतलं एन्झाइम वाढलेलं असतं, लघवी पाण्यासारखी पातळ असते. पण एवढ्यावर निदान होत नाही. एक तपासणी घरच्या सकाळच्या लघवीवर होते: तिच्यातलं कॉर्टिसॉल आणि क्रिएटिनिन यांचं प्रमाण. ते नॉर्मल आलं तर कुशिंगची शक्यता बरीच मावळते. वाढलेलं आलं तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, पुढची तपासणी लागते. ती म्हणजे कमी डोसची डेक्सामेथासोन चाचणी: हे स्टेरॉइड टोचल्यावर कॉर्टिसॉल उतरतं का, ते बघतात. इंजेक्शनच्या आधी, मग चौथ्या आणि आठव्या तासाला रक्त घेतात. पूर्ण दिवस दवाखान्यात जातो, त्यामुळे घाबरट कुत्र्यासोबत ओळखीचं माणूस असेल तर बरं. स्टेरॉइड दिलेल्या कुत्र्यासाठी एसीटीएच चाचणी उपयोगी पडते; तिच्यात ॲड्रिनलला चालना देणारं हार्मोन टोचून कॉर्टिसॉल किती वाढतं ते मोजतात. सोनोग्राफीत ॲड्रिनलचा आकार बघतात.

माझं ठाम मत: लक्षणं नसलेल्या कुत्र्याची कुशिंगसाठी चाचणी करू नये, आणि दुसऱ्या आजाराने बेजार असलेल्याचीही करू नये. आजारपणाच्या ताणाने कॉर्टिसॉल वाढतं आणि अहवाल खोटा सकारात्मक येतो. कुशिंग तातडीचा आजार क्वचितच असतो. दोन आठवडे थांबून नीट चाचणी करणं हे चुकीचं औषध सुरू करण्यापेक्षा कितीतरी चांगलं.

औषध बहुधा ट्रायलोस्टेन, ते कॉर्टिसॉल बनणं कमी करतं. ते खाण्यासोबतच द्यायचं, नाहीतर नीट शोषलं जात नाही. कॅप्सूल उघडायची नाही, हात धुवायचे, आणि घरातल्या गरोदर बाईने तिला हात लावायचा नाही. पहिली तपासणी १० ते १४ दिवसांनी, मग महिन्याने, पुढे दर तीन महिन्यांनी. सुरुवातीला डोस कमीच ठेवतात. तहान-भूक काही आठवड्यांत उतरते. केस मात्र सुधारण्याआधी कधी कधी आणखी गळतात. ॲड्रिनलची गाठ असेल तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. रक्तदाब आणि लघवीतलं प्रथिन यांकडेही लक्ष ठेवावं लागतं.

या औषधावर असलेल्या कुत्र्याने खाणं सोडलं, उलट्या झाल्या, तो गळून गेला, तर पुढचा डोस देऊ नका आणि डॉक्टरांना फोन करा. कॉर्टिसॉल फार खाली गेल्याची ती खूण असते. कुशिंगचा कुत्रा एरवी ताट सोडत नाही, म्हणून त्याने एक वेळचं खाणं सोडलं तरी दखल घ्या.

ॲडिसन: फसवा आजार

इथे नेमकं उलट. ॲड्रिनल थकते, कॉर्टिसॉल तुटतं आणि बहुधा मीठ-पाण्याचा तोल सांभाळणारं अल्डोस्टेरॉनही. लंडनच्या थॉमस ॲडिसन यांनी १८५५ मध्ये माणसांत हा आजार वर्णिला. कुत्र्यांत तो तरुण ते मध्यम वयाच्या माद्यांना जास्त होतो. स्टँडर्ड पूडल आणि बिअर्डेड कोली या जातींत विशेष. पोट बिघडतं, सलाइन देतात, कुत्रा ताजातवाना होतो आणि सगळे म्हणतात, काहीतरी खाल्लं असेल. महिन्याने पुन्हा तेच. अशी तिसरी वेळ असेल तर तुम्ही स्वतः डॉक्टरांना विचारा, "ॲडिसन बघायचा का?" वहीतल्या तारखा दाखवा. पाहुणे, प्रवास, फटाके, कुत्रालयातला मुक्काम यांच्या मागोमाग त्रास झालाय का, तेही दिसेल.

रक्तात सोडियम उतरतं, पोटॅशियम चढतं आणि दोघांचं प्रमाण २७ च्या खाली गेलं की संशय बळावतो. काही कुत्र्यांत मात्र क्षार अगदी नॉर्मल असतात आणि फक्त कॉर्टिसॉल कमी असतं. चाचणीचं इंजेक्शन न देता मोजलेलं साधं कॉर्टिसॉल दर डेसिलिटरमागे २ मायक्रोग्रॅमच्या वर असेल तर ॲडिसन बहुतेक नाहीच. खाली असेल तर एसीटीएच चाचणी करून खात्री करतात. चाचणीआधी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दिलं गेलं तर निकाल बिघडतो, हे लक्षात ठेवा.

कुत्रा कोसळला, पाय गार, हिरड्या फिकट, आणि अशा अवस्थेत धडधडायला हवं ते हृदय संथ चाललंय, तर ते ॲडिसनचं संकट असू शकतं. तडक दवाखाना गाठा, तिथे शिरेतून सलाइन लागतं.

पुढचं आयुष्य मात्र छान जातं. अल्डोस्टेरॉनची जागा घ्यायला साधारण महिन्याने एक डीओसीपीचं इंजेक्शन किंवा रोज फ्लुड्रोकॉर्टिसोनची गोळी, आणि सोबत प्रेडनिसोलोनचा अगदी छोटा डोस. ताणाच्या दिवशी प्रेडनिसोलोन वाढवायचं असतं. किती आणि कधी, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या, कारण ती वेळ येते तेव्हा रात्र असते किंवा आपण प्रवासात असतो. प्रेडनिसोलोन चालू झाल्यावर तहान-भूक फार वाढली तर डोस जास्त होत असेल, तेही सांगा.

मधुमेह: रोजची शिस्त

१८८९ मध्ये स्ट्रासबर्गला फॉन मेरिंग आणि मिंकोव्स्की यांनी कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं आणि त्याला मधुमेह झाला. १९२१ मध्ये टोरांटोला बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून इन्सुलिनपर्यंत वाट काढली. आज कोट्यवधी माणसं इन्सुलिनवर जगतात, त्याच्या मुळाशी ते कुत्रे आहेत. आपल्या घरातल्या कुत्र्याला रोज दोन सुया टोचताना जीव कासावीस होतो, तेव्हा मला ते आठवतात. हे त्यांचंच देणं आहे, आणि ते फेडायची संधी आपल्याला मिळाली आहे.

रक्तातली साखर सतत वाढलेली आणि लघवीतही साखर, या दोन्ही गोष्टी असतील तर निदान होतं. कुत्र्यांना इन्सुलिनच लागतं. माणसांच्या साखरेच्या गोळ्या त्यांना उपयोगी पडत नाहीत. सुरुवातीचा डोस आणि इन्सुलिनचा प्रकार डॉक्टर ठरवतील, रोजचा क्रम तुमचा. १२ तासांच्या अंतराने दोन जेवणं, तेच अन्न, तेवढंच, आणि जेवल्यावर लगेच इंजेक्शन. आधी जेवण यासाठी की तो नीट जेवला हे कळावं. जेवलाच नाही तर नेहमीचा पूर्ण डोस टोचू नका, फोन करून विचारा.

सिरिंज बघून घ्या. इन्सुलिन यू-४० आणि यू-१०० (मिलिलिटरमागे ४० किंवा १०० युनिट) अशा दोन ताकदींत येतं आणि प्रत्येकाची सिरिंज वेगळी. यू-१०० इन्सुलिन यू-४० च्या सिरिंजने भरलं तर डोस अडीच पट होतो. अशा चुकीने कुत्रे दगावतात. बाटलीवर आणि सिरिंजवर एकच आकडा आहे ना, हे प्रत्येक नवी खरेदी करताना पाहा. बाटली फ्रिजमध्ये ठेवा, पण बर्फाच्या कप्प्यात नको. ती हलवायची की तळव्यात फिरवायची, हे प्रकारानुसार बदलतं, तिच्यावरची सूचना वाचा. छातीच्या किंवा कुशीच्या बाजूची सैल कातडी चिमटीत उचला, तंबूसारखी झाली की तिच्या बुडाशी सुई घाला. जागा रोज बदला. औषध केसांवर सांडलं, किती आत गेलं कळलं नाही, तरी दुसरा डोस देऊ नका. साखर एक वेळ जास्त राहिली तर चालेल, फार उतरली तर जीव जातो.

साखर उतरल्याची चिन्हं: लडखडणं, भ्रमिष्ट नजर, थरथर, मग झटके. शुद्धीत असेल तर लगेच खायला द्या. खात नसेल तर मध किंवा ग्लुकोजचा पाक बोटाने हिरड्यांना चोळा आणि निघा. झटका चालू असताना तोंडात काही ओतू नका, बोटही घालू नका. उलट बाजूला, खाणं बंद, उलट्या, तोंडाला विचित्र गोडसर वास, असं दिसलं तर कीटोन, म्हणजे इन्सुलिन कमी पडून चरबी जळताना तयार होणारे घातक पदार्थ, वाढलेले असू शकतात. तेही त्याच दिवशीचं काम.

नियंत्रण ठरवताना दर दोन तासांनी दिवसभर साखर मोजून आलेख काढतात, किंवा अंगावर चिकटवायचा सेन्सर लावतात. फ्रुक्टोसामाइन ही रक्ततपासणी मागच्या दोन-तीन आठवड्यांतल्या साखरेची सरासरी सांगते. पण या आकड्यांइतकीच तुमची वही बोलते: तहान उतरली, वजन धरलं, कुत्रा खेळतोय, तर गाडी रुळावर आहे. डोस वाढवूनही साखर हटत नसेल तर आधी बाटली जुनी झाली का आणि टोचण्याची पद्धत चुकतेय का ते तपासा, मग दात, लघवीचा संसर्ग आणि कुशिंग. नसबंदी न झालेल्या मादीत माजानंतरचं प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन शरीराला इन्सुलिनला दाद देऊ देत नाही, म्हणून तिची नसबंदी हा उपचाराचाच भाग आहे. लवकर केली तर काहींचा मधुमेह मावळतोही.

मोतीबिंदू बहुतेकांना होतो, कधी काही आठवड्यांतच. शस्त्रक्रियेने दृष्टी परत येऊ शकते, आणि आंधळा कुत्राही घरातलं सामान हललं नाही तर सुखाने वावरतो.

क्वचित दिसणारे

थायरॉइड जास्त होणं कुत्र्यांत दुर्मीळ. झालं तर गळ्याची गाठ तपासा, आणि कच्च्या मांसातून जनावराची थायरॉइड ग्रंथी पोटात जातेय का तेही बघा. थायरॉइडशेजारच्या पॅराथायरॉइड ग्रंथीच्या गाठीने रक्तातलं कॅल्शियम आणि तहान वाढते. नराचं एक वृषण पोटात राहिलं असेल, केस जात असतील आणि स्तन वाढलेले दिसत असतील, तर त्या वृषणात गाठ असू शकते. ते काढावं लागतं. माजानंतरचा खोटा गर्भ बहुधा दोन-तीन आठवड्यांत आपोआप ओसरतो, फक्त दूध पिळू नका, त्याने ते वाढतं.

घर सोडून जाताना

कुत्र्याला कुणाकडे ठेवणार असाल तर एका कागदावर लिहा: आजाराचं नाव, औषध, डोस, वेळ, जेवणाचं माप, डोस कधी थांबवायचा, कोणत्या खुणा दिसल्या तर लगेच निघायचं, आणि डॉक्टरांचा नंबर. स्टेरॉइडवर असेल तर "अचानक बंद करू नये" हे लाल शाईने. मग निघण्याआधी एक डोस त्या माणसाच्या हातून, तुमच्या डोळ्यांसमोर देऊन घ्या.